लाटणं, चप्पल, विहीर: दक्षिण आशियातली भांडणं पिक्चरमधून कशी बघायची

कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला शेजारच्या गांधीनगरच्या कापडबाजारात जायचं, हे ठरलेलं. आमच्या घरातल्या चार लग्नांचे बस्ते तिथंच बांधले. गाडी भरून साड्या आणल्या, टॉवेल-टोप्या आणल्या, "शेठ, जरा बघा की आमच्याकडं" म्हणत दर पाडून घेतला. पण शेठ मुळात या माळावर आले कसे, हा प्रश्न मला चाळिशी ओलांडेपर्यंत पडला नाही. पडला तो ‘गर्म हवा’ बघून रात्री घरी येताना. आग्र्यात बूट-चपलांचा कारखाना चालवणाऱ्या एका मुसलमान घराची ती गोष्ट. फाळणीनंतर घरातलं एकेक माणूस पाकिस्तानला निघून जातं आणि कर्ता माणूस मात्र जायला तयार नसतो. चामड्याचा धंदा, वडिलोपार्जित वाडा, कर्जासाठी फिरवाफिरवी. कोल्हापूरच्या माणसाला यातलं काय परकं आहे? आग्र्यातनं गेलेल्यांसाठी मी अंधारात डोळे पुसले, आणि तिकडनं इकडं आलेली माणसं माझ्या घरापासनं आठ-दहा किलोमीटरवर दुकान मांडून बसली होती.

त्यानंतर आम्ही पाचसहा जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसून पिक्चर बघायला लागलो. फाळणी, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ. पुढं माणसं वाढली, एकदा चांगलं भांडणही झालं, आणि त्यातनंच हळूहळू एक रीत बसली. ती इथं पायरीपायरीनं मांडतोय. तुमच्या वाड्यात, कॉलेजात, महिला मंडळात कुठंही जमेल. खर्च फारसा नाही. वेळ मात्र लागतो.

पहिली पायरी: आपल्या पायाखालचं बघा

पिक्चरची यादी करायच्या आधी आपल्या गावाचा नकाशा काढा, हातानं, मोठ्या कागदावर. भांडणामुळं, युद्धामुळं, दंगलीमुळं बाहेरनं आलेली किंवा इथनं गेलेली घरं कुठली, ते प्रत्येकानं त्यावर टिपायचं.

आमच्या नकाशावर पहिला टिंब वळिवड्याला पडला. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियाकडं नेलेली पोलिश कुटुंबं, त्यांत बायकामुलंच जास्त, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांची मोठी छावणी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार माणसं तिथं राहिली. ती गेली आणि त्याच बराकींत सिंधमधनं आलेले निर्वासित उतरले. तेच आजचं गांधीनगर. एका माळानं दोन खंडांतली पळापळ पोटात घेतली आणि आम्ही तिथं साड्यांचे दर पाडत होतो.

सिंधबद्दल एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. पंजाब आणि बंगाल दुभंगले, त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळं सिंधी माणसाला भारतात ‘आपलं राज्य’ असं उरलंच नाही. फाळणीवरचे गाजलेले पिक्चर बघितले तर बहुतेक सगळे पंजाबचे नाहीतर बंगालचे, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं. शिवाय १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी माणसांची वस्ती होती. म्हणजे हे आपल्याच इलाख्यातलं घर होतं, आणि आपणच ते विसरलो.

दुसरी पायरी: कमी निवडा, आतल्या माणसाचं निवडा

सहा महिन्यांत सहा पिक्चर पुरेत. पहिल्या वर्षी आम्ही अठरा बघितले आणि वर्षअखेरीला कुठला सीन कुठल्या देशातला, हे कुणालाच सांगता येईना.

निवडताना मी तीन गोष्टी बघतो. बनवणारा त्या मातीतला आहे का? गोष्ट घरात घडते का, की नुसती सीमेवर? आणि तो पिक्चर स्वतःच्याच बाजूच्या माणसांना अडचणीत आणतो का? तिसरी कसोटी सगळ्यात कामाची. शत्रूला शिव्या घालणारं पोतंभर मिळतं. आपल्याच सरकारला, धर्माला, बापाला प्रश्न विचारणारं शोधावं लागतं.

नव्या गटानं ‘गर्म हवा’पासनं सुरुवात करावी. एम. एस. सथ्यू यांचा, १९७३ चा. भाषा समजते, बलराज साहनी ओळखीचे असतात, आजीपासनं नातवापर्यंत सगळे बसतात. मग बंगालचा ‘मेघे ढाका तारा’, ऋत्विक घटक, १९६०. घटक मूळचे ढाक्याचे, फाळणीनं गाव सुटलेले, आणि पुढं काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, त्यामुळं आपल्याकडची जुनी सिनेमावेडी मंडळी त्यांचं नाव काढलं की सावरून बसतात. तिसरा पाकिस्तानातला ‘खामोश पानी’, साबिहा सुमार, २००३. चौथा बांगलादेशचा ‘माटीर मोयना’, तारेक मसूद, २००२. मसूद लहानपणी मदरशात शिकले होते आणि पिक्चरही मदरशात घातलेल्या एका पोराचा आहे, १९७१ च्या युद्धाच्या आधीच्या वर्षांतला. त्यांच्याच देशानं सुरुवातीला त्यावर बंदी घातली होती.

पाचवा श्रीलंकेचा ‘पुरहंद कळुवर’, प्रसन्न वितानगे. आंधळा म्हातारा, सैन्यात गेलेला मुलगा, आणि गावात आलेली मोहोरबंद शवपेटी. सरकार म्हणतं मुलगा गेला, भरपाईच्या कागदावर अंगठा द्या. म्हातारा देत नाही. पेटीचं पुढं काय होतं ते सांगत नाही. सिंहली दिग्दर्शकानं सिंहली गावाची ही गोष्ट तमिळ बंडखोरांशी युद्ध ऐन भरात असताना केली. सरकारनं २००० साली प्रदर्शन अडवलं आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी ते खुलं केलं. सहावा नेपाळचा ‘कालो पोथी’, मीन बहादूर भाम, २०१५. माओवादी युद्धात मधेच शस्त्रसंधी झालेली, आणि एक दलित पोरगा आणि त्याचा वरच्या जातीतला दोस्त हरवलेल्या कोंबडीच्या मागं फिरतात. जातीचं आणि बंदुकीचं राजकारण एका कोंबडीभोवती फिरवायला डोकं लागतं. नेपाळचा आमच्या गटात सगळ्यांनी मनापासनं हसून बघितला, आणि शेवटाकडं एकदम गप्प झाले.

परवानगीचं थोडक्यात. स्वतःच्या ओटीटी वर्गणीवर हॉलमध्ये शंभर माणसं बसवून पिक्चर दाखवणं चालत नाही. जाहीर खेळाला हक्कवाल्याची परवानगी लागते, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्रही. शाळा-कॉलेजला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण ती संस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढ्यांपुरतीच. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आपल्या गावातल्या फिल्म सोसायटीचं सभासद होणं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी आहे. माहितीपट असेल तर दिग्दर्शकालाच सरळ पत्र लिहा. आमचा अनुभव असा की बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, आणि काही जण फोनवर तासभर बोलतातही.

तिसरी पायरी: पूर्वरंग दहा मिनिटांचा

कीर्तनकार आधी निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आम्ही उलटं केलं: आधी आख्यान, म्हणजे पिक्चर, निरूपण मागाहून. आधी बोलायचं ते एवढंच, की माणूस गोष्टीत हरवू नये. नकाशा, दोन-तीन तारखा, आणि भाषा कुठली ते.

तारखा मोजक्याच, पण नीट घ्या. फाळणीसाठी मी नेहमी दोन सांगतो. एक, १७ ऑगस्ट १९४७. रॅडक्लिफ साहेबांनी आखलेली सीमारेषा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली. पंधरा तारखेला झेंडा लावणाऱ्या कित्येकांना आपण कुठल्या देशात झेंडा लावतोय हेच माहीत नव्हतं. दुसरी, मार्च १९४७. त्या महिन्यात रावळपिंडी भागात शिखांची गावं जळत होती, ऑगस्ट यायला पाच महिने होते. या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की ‘स्वातंत्र्य मिळालं आणि मग दंगल झाली’ हे शाळेतलं चित्र आपोआप हलतं.

आकडे सांगताना जपून. घरदार सोडलेल्यांचा आकडा सव्वा ते दीड कोटी सांगतात, मेलेल्यांचा अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातो. एवढा फरक का, हे गटाला विचारा. आमच्यातल्या निवृत्त तलाठी काकांनी झटक्यात उत्तर दिलं होतं, "मोजणारंच पळालं असंल." खरंच, त्यापेक्षा चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

भाषेचा प्रश्न येतोच. बंगाली, सिंहली, नेपाळी, खाली इंग्रजी ओळी, आणि समोर बसलेल्या काकूंना इंग्रजी वाचायला येत नाही. यावर आमचा तोडगा जुनाच आहे. मूकपटाच्या काळात थेटरात एक जण पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. आम्ही आठवडाभर आधी संवादांचा मराठी मसुदा करतो आणि एक जण बाजूला बसून हळू आवाजात वाचतो. अभिनय करायचा नाही, नुसतं वाचायचं. पहिल्यांदा वाचणाऱ्या पोरानं उत्साहाच्या भरात खलनायकाला निळू फुल्यांचा आवाज दिला. लोक खूश झाले, पिक्चर मेला.

चौथी पायरी: एक वस्तू धरून बघा

या सगळ्या रीतीचं मर्म इथं आहे.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर एकच सूचना: या पिक्चरमधली एक वस्तू निवडा आणि शेवटपर्यंत तिचा पाठलाग करा. कुणाच्या हातात असते, कधी दिसेनाशी होते, परत कुठं येते, ते टिपा. माणसांची बाजू नंतर घेऊ. आधी वस्तू.

‘मेघे ढाका तारा’ घ्या. कोलकात्याच्या कडेला निर्वासितांची वसाहत. थोरली मुलगी नीता शिकवण्या करून, पुढं नोकरी करून घर चालवते. सुरुवातीलाच ती रस्त्यानं जात असताना तिच्या चपलेचा पट्टा तुटतो. ती वाकते, बघते, पुढं निघते. आता हे कोल्हापुरात दाखवून बघा. आमच्यात चपला बांधणाऱ्या घरातला एक जण होता. पिक्चर संपल्यावर सगळे नीताच्या त्यागावर बोलत होते, तो म्हणाला, "चप्पल तुटली तर ती चांभाराकडं का न्हाई गेली? दोन मिंटाचं काम." सगळे हसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरातल्या बाकीच्यांना नीताच्या पगारातनं साडी हवी असते, बूट हवे असतात, आणि ते आणलेही जातात. तिची चप्पल कुणाच्याच यादीत नसते. शेवटी तिचा भाऊ रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटताना बघतो. तिथं आमच्या चप्पलवाल्यानं मान खाली घातली होती, हे मी अंधारातही बघितलं. फाळणीवर एक शब्द न बोलता फाळणीनं त्या घराचं काय केलं, ते एका पट्ट्यानं सांगितलं. चपला बांधणाऱ्या माणसाच्या डोळ्याला जे दिसलं ते माझ्यासारख्या पुस्तकवाल्याला दिसलं नव्हतं.

वस्तूचा पाठलाग केला की कानही उघडतात. याच पिक्चरमध्ये नीता आणि तिचा भाऊ एकत्र गाणं म्हणतात, आणि गाण्यावर चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक नाही. दुसऱ्यांदा बघताना डोळे मिटून तेवढाच भाग ऐका. हो, दुसऱ्यांदा. प्रत्येक महिन्याला एक सीन परत लावायचाच, आठ-दहा मिनिटांचा. पहिल्यांदा आपण गोष्ट बघतो. केलेलं काय आहे, ते दुसऱ्यांदा दिसतं.

‘खामोश पानी’त वस्तू म्हणजे विहीर. साल १९७९, पंजाबातलं पाकिस्तानी गाव, लष्करशहा झियांची राजवट, आणि आयेशा नावाची एक विधवा जी कधीच विहिरीवर पाण्याला जात नाही. शेजारच्या पोरी तिचं पाणी भरतात. का जात नाही, हे पिक्चर बराच वेळ सांगत नाही. मार्च १९४७ मध्ये थोहा खालसा नावाच्या गावात शीख बायकांनी अब्रूसाठी विहिरीत उड्या घेतल्या होत्या. पूर्वरंगात ते सांगायचं की नाही यावर आमच्यात दोन तट पडले. मी म्हणतो सांगू नका. विहीर स्वतः बोलते.

पाचवी पायरी: दिवे लावल्यावर

आता त्या भांडणाची गोष्ट. ‘खामोश पानी’ संपला, दिवे लागले आणि मी उत्साहानं विचारलं, "काय वाटलं?" हा प्रश्न मी परत कधी विचारला नाही. एक निवृत्त सर म्हणाले, "त्यांचं असंच." एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "सर, आणि आपल्याकडं?" पाच मिनिटांत आम्ही लाहोर, दिल्ली, गुजरात, काश्मीर करत क्रिकेटपर्यंत पोचलो. कोपऱ्यात बसलेल्या एक काकू, ज्या सहा महिन्यांत एकदाही बोलल्या नव्हत्या, पिशवी घेऊन निघून गेल्या. चार दिवसांनी मी फोन केला. म्हणाल्या, "मला विहिरीबद्दल बोलायचं होतं. आमच्या माहेरच्या मळ्यात पण एक हाय. पर तुमी लाहोरला पोचला."

तेव्हापासनं आमची रीत अशी. पिक्चर संपला की दोन मिनिटं दिवे लावत नाही आणि कुणी बोलत नाही. मग चहा. चहाच्या आधी चर्चा म्हणजे भांडणाला आमंत्रण, हे मी अनुभवानं सांगतो. त्यानंतरची पहिली फेरी फक्त ‘काय दिसलं’ याची. प्रत्येकानं आपली वस्तू सांगायची, एका मिनिटात, मत न देता. दुसऱ्या फेरीत विचारायचं: या वस्तूसारखी तुमच्या घरात, गावात काय आहे? बाजूचं बोलणं तिसऱ्या फेरीत, आणि तिथंही ‘ते लोक’ हा शब्द वर्ज्य. कुठला माणूस, कुठल्या सीनमधला, नाव घेऊन बोला. हा एक नियम पाळला तरी निम्मी आग विझते, कारण ‘ते लोक’ म्हणजे कोण हे सांगताना माणूस अडखळतो आणि थांबतो.

त्या काकू परत आल्या. विहिरीबद्दल बोलल्या का? दोन वर्षांनी, थोडंसं. त्यांनी ते आमच्यात ठेवायला सांगितलं, म्हणून इथं लिहीत नाही.

सहावी पायरी: आपली आग

ही पायरी गाळायचा मोह होतो. आम्ही दोन वर्षं गाळली.

लाहोर-ढाक्यासाठी हळहळणारा कोल्हापूरकर १९४८ चं नाव काढलं की विषय बदलतो. गांधीजींच्या खुनानंतर आपल्याकडं ब्राह्मणांची घरं-दुकानं जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जाळला गेला. ज्या गावात सिनेमा बनत होता त्याच गावात सिनेमा जळाला. पिढ्यान्‌पिढ्या हे दोन्ही बाजूंच्या घरांत दबक्या आवाजात सांगितलं जातं, आणि दोन्ही घरांत गोष्ट वेगळी असते. श्रीलंकेतल्या म्हाताऱ्याच्या बंद पेटीवर बोलून झालं की मी हळूच विचारतो, आपली पेटी कुठली? इथं शांतता होते. ती मोडू नका.

जातीचं आणि सावकारीचं भांडण तर त्याहून जुनं. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. देवादिकांचे पौराणिक पट भरात असताना इथल्या माणसानं कुळाच्या डोक्यावरच्या बोज्यावर पिक्चर काढला होता. आता नेपाळच्या ‘कालो पोथी’तल्या दोन दोस्तांशेजारी हा विषय ठेवा आणि गटाला विचारा, आपल्या वर्गात कुणाचा डबा कुणी खात नव्हतं. उत्तरं येतील. आमच्याकडं आली, आणि काही जणांना ती ऐकायला जड गेली.

सातवी पायरी: ऐकायला जा

पिक्चर बघून झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे ज्यांच्यावर असा पिक्चर कधी निघाला नाही त्यांचं ऐकणं. १९४७ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या उंबऱ्यावर आहे. त्यामुळं ही पायरी शेवटी लिहिली तरी पहिल्याच महिन्यात सुरू करा.

आम्ही गांधीनगरच्या एका आजींकडं गेलो. ओळखीच्या दुकानदाराची आई. पहिल्या दिवशी मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "आजी, फाळणीबद्दल सांगा." आजींनी नेहरू, जिना, माउंटबॅटन, सगळं सांगितलं. टीव्हीवर बघितलेलं. चूक माझी होती. मोठा प्रश्न विचारला की माणूस ऐकलेलं उत्तर देतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा प्रश्न बदलले. निघालात त्या दिवशी सकाळी काय शिजलं होतं? अंगावर काय होतं? कुठलं माणूस मागं राहिलं, कुठलं जनावर? गाडीत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? इथं आल्यावर पहिला पाऊस कसा होता? आणि आम्ही म्हणालो, तिकडनं आणलेली एखादी वस्तू दाखवा. सिंधी घरात पाहुण्यापुढं आधी पापड आणि पाणी येतं, तसं आमच्यापुढं आलं होतं. आजी पापडाकडं बघत उठल्या, आत गेल्या आणि एक बारीक लाटणं घेऊन आल्या. मधे पोटाशी झिजलेलं, एका टोकाला चिरलेलं, चिरेवर दोरा गुंडाळलेला.

"हे सिंधचं?" मी विचारलं.

"ना बेटा. इथलं. छावणीत आईनं घेतलं. पापड लाटून विकायची. पैलं स्वतःच्या पैशाचं."

आम्ही हरवलेलं घर बघायला गेलो होतो आणि आजींनी मांडलेलं घर दाखवलं. मला एवढं ओशाळल्यासारखं झालं की पुढचा प्रश्न सुचेना. त्यांनीच मग तासभर सांगितलं, बराकींबद्दल, पहिल्या पावसाबद्दल, मराठी शिकवणाऱ्या शेजारणीबद्दल. आईची सिंधी पत्रं एका डब्यात आहेत. सिंधी तिकडं अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. नातवंडांना ती वाचता येत नाही, आजींना आता बारीक अक्षर दिसत नाही.

ऐकायला जाताना काही साध्या गोष्टी. पंखा बंद करा. घाम येऊ दे. कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत गप्पा मारा, रेकॉर्डिंग नको. फोन विमान मोडवर टाकून टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक खडखडाट आत जातो. निघताना खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, जोडकामाला लागतो. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून तीच जपून ठेवाल तर फसाल, तिथं ती दाबली जाते. तीन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक घराबाहेर. एका तासाचं बोलणं उतरून काढायला मला चार-पाच तास लागतात. ते आठवड्याच्या आत करा, नाहीतर ऐकू न आलेला शब्द विचारायला तुम्ही परत जात नाही.

बाईमाणसाला पुरुषांच्या पुढ्यात विचारू नका. सून, नात बरोबर असली तर उत्तम. रडू आलं तर रेकॉर्डिंग तुम्हीच बंद करा, त्यांनी सांगायची वाट बघू नका. संमती लेखी घ्या, त्यांच्या भाषेत वाचून दाखवून: काय जाहीर करायचं, काय नाही, नाव घालायचं की नाही, आणि नंतर मन बदललं तर काढून टाकू. आणि एका भेटीत काम उरकू नका. पहिली भेट तुमची, दुसरी त्यांची.

आठवी पायरी: पाच मिनिटांचा पिक्चर

तासाभराच्या बोलण्यातनं पाच मिनिटं काढायची. त्यापेक्षा मोठं करायचा मोह आवरा. पडद्यावर एक वस्तू, दोन हात, आणि आवाज. चेहरा नसला तरी चालतो, कित्येकदा नसलेलाच बरा.

काय घालू नका ते सांगतो. माणसांनी लगडलेल्या आगगाडीचा तोच तो फोटो घालू नका, तो आता कुणी बघत नाही. बासरी नको. नातवाला धोतर नेसवून पळायला लावू नका. संगणकानं बनवलेली जुनी चित्रं तर अजिबात नकोत. बघणाऱ्याला एकदा ती खोटी कळली की आजींचा खरा आवाजही खोटा वाटायला लागतो. प्रकाश खिडकीचा घ्या. आवाज आधी जोडा, चित्र मग त्यावर बसवा. उलटं केलंत तर आजींची वाक्यं चित्राच्या मापानं कापली जातात. बोलताना माणूस थांबतो, तो थांबा कापू नका.

झालं की पहिला खेळ त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांत. जाहीर नंतर. आम्ही आजींकडं लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा दुकान बंद करून मुलगा, सुना, नातवंडं सगळी जमली होती. पाच मिनिटं कुणी हाललं नाही. संपल्यावर आजींनी चष्मा पुसला, परत लावायला सांगितलं. परत बघितला.

"आवाज बरा आहे," त्या म्हणाल्या. "पण लाटणं नीट दिसत नाही. चिरलेली बाजू खाली ठेवलीस. ती वर पाहिजे. दोरा मी बांधलाय."

आता रविवारी परत जायचंय. त्यांच्या खिडकीत अकराच्या सुमारास ऊन येतं.